गप्पा, साडेपाच ते सहा

नेव्हिल पॅस्कोने ऑस्ट्रेलिया बघायचं ठरवलं तेव्हा तो सहासष्ट वर्षांचा होता, आणि ती सगळीच्या सगळी सहासष्ट वर्षं त्याने ऑस्ट्रेलियातच काढली होती. पण हाताशी असलेली गोष्ट माणूस सवडीने बघू म्हणून ठेवून देतो आणि मग सवड मिळते तेव्हा चष्मा सापडत नाही. नेव्हिलने पेंग्विन पाहिले नव्हते, पूर्वेचा समुद्रकिनारा पाहिला नव्हता आणि सिडनी फक्त टीव्हीवर, एकतीस डिसेंबरला, फटाक्यांच्या धुरात पाहिलं होतं.

"एकाएकी कसं सुचलं हे?" असं कोणी विचारलं की तो सांगे, "पेंग्विन बघायचेत." खरं कारण पेंग्विनांशी संबंधित नव्हतं.

खरं कारण एका बुधवारी सकाळी घडलं. नेव्हिल स्वयंपाकघरात चहाचा कप धूत होता. पलीकडे पॅसेजमध्ये त्याची बायको ग्लेनिस पर्थच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. दार उघडं होतं. ग्लेनिस म्हणाली, "नाही गं, कंटाळा नाही आलेला. एकटं वाटतं, एवढंच."

नेव्हिल त्या क्षणी तिच्यापासून चार पावलांवर होता.

अडतीस वर्षं त्याने वेरिंडा गावाच्या नगरपालिकेत, पार्किंगचे परवाने आणि कुत्र्यांची नोंदणी या खात्यात काढली होती. आलेली प्रत्येक तक्रार कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसते अशी त्याची श्रद्धा होती. पण चार पावलांवर धडधाकट नवरा उभा असताना बायकोला एकटं वाटतं, ही तक्रार कुठल्या रकान्यात घालायची हे त्याला कळेना. तो तोच कप पुन्हा धुऊ लागला.

मग त्याने शांतपणे हिशेब मांडला की निवृत्त झाल्यापासून आपण दोघं बोलतो काय. तर बोलणं मुख्यतः कचऱ्यावर होतं. वेरिंडात लाल झाकणाचा डबा दर बुधवारी रस्त्यावर ठेवायचा असतो, आणि पिवळ्या व हिरव्या झाकणाचे डबे आळीपाळीने, एक आठवड्याआड. त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी ग्लेनिस विचारी, "या वेळी पिवळा की हिरवा?" नेव्हिल सांगे, "पिवळा." मग ती म्हणे, "मागच्या वेळी पिवळा होता ना?" तो म्हणे, "मागच्या वेळी हिरवा." ही आठवड्यातली सगळ्यात लांब चर्चा. बुधवारी गाडी येऊन डबे रिकामे करून गेली की पुढल्या मंगळवारपर्यंत दोघांमध्ये 'हं' या एका अक्षरावर संसार चाले.

सहलीला गेलेली जोडपी मात्र बोलतात. जाहिरातीत तर बोलतातच, शिवाय हसतात. तेव्हा नेव्हिलने सहल काढली. एकवीस दिवसांचा कार्यक्रम आखला, तो टाइप केला, त्याच्यावर प्लास्टिकचं आवरण चढवलं आणि फाईलला लावला. त्यात प्रत्येक दिवसाखाली एक ओळ होती : 'साडेपाच ते सहा — गप्पा.' आपण काय ऐकलं ते ग्लेनिसला सांगायचं नाही, फक्त ही तक्रार एकवीस दिवसांत निकाली काढायची, असं त्याने ठरवलं. नगरपालिकेची मुदत अठ्ठावीस दिवसांची असते. नेव्हिलने सात दिवस स्वतःहून कमी केले.

शेजारच्या झामितने कार्यक्रम वाचला आणि म्हणाला, "हॉटेलात राहणार? मग घरीच रहा की. कॅरव्हान घे, बाबा. गाडीच्या मागे घर जोडायचं आणि निघायचं. मी आणि बायको अख्खा देश दोनदा फिरलोय."

"पण मला ती ओढायची सवय नाही," नेव्हिल म्हणाला.

"ओढायला अक्कल लागत नाही रे. मागे घ्यायला लागते." झामितने कुंपणावर कोपर टेकले. त्याने कोपर टेकले की निदान चाळीस मिनिटांची निश्चिंती असे. "मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की घर उजवीकडे जातं. उजवीकडे फिरवलं की डावीकडे. थोडक्यात, तुला जे वाटतं त्याच्या उलट करायचं. लग्न झालेल्या माणसाला अवघड नाही. आणि आरशात मागचं काही दिसत नाही, म्हणून बायकोने मागे उभं राहून सांगायचं."

"आणि आपण ऐकायचं," झामितची बायको आतून ओरडली.

"तिथेच जोडपी मोडतात," झामित आवाज खाली आणून म्हणाला. मग आत जाऊन त्याने एक वॉकीटॉकीची जोडी आणून दिली. "ही घे. हातवारे करायच्या भानगडीत पडू नका. चॅनेल अठरा लाव. रस्त्यावरचे सगळे कॅरव्हानवाले अठरावरच असतात. काही अडलं तर कोणीतरी ऐकतंच."

कॅरव्हान आली, म्हणजे झामितच्या मेव्हण्याची जुनी, पिवळट पांढरी, आतून कांद्याचा वास येणारी. ती निघेपर्यंत दोन आठवडे घरासमोर उभी करायची, तर त्याला नगरपालिकेचा परवाना हवा. नेव्हिल आपल्या जुन्या कचेरीत गेला. खिडकीत नवीन मुलगी होती. तिने अर्ज वाचला आणि प्रश्न सात-ब वर बोट ठेवलं : 'सदर वाहन सदर ठिकाणी उभे नसेल तेव्हा ते कोठे उभे असेल?'

"हे रिकामं आहे," ती म्हणाली.

"ते प्रवासात असेल. देशभर."

"एकच पत्ता लागतो."

"पण या प्रश्नाला अर्थ काय?"

"मलाही माहीत नाही, काका. कुणी काढला देव जाणे. आम्ही सगळे त्याला रोज शिव्या घालतो."

प्रश्न सात-ब नेव्हिलनेच काढला होता. त्या वर्षी त्याला त्यासाठी शाबासकीचं पत्र मिळालं होतं. "असेल कुणीतरी जुना माणूस," तो म्हणाला आणि परवान्याविनाच परत आला. दोन आठवडे कॅरव्हान झामितच्या अंगणात राहिली, आणि त्या बदल्यात झामितचा सल्ला रोज दोन वेळ ऐकावा लागला.

मार्चमध्ये, शाळा सुरू झाल्या आणि रस्त्यांवर फक्त पांढऱ्या केसांची माणसं उरली, तेव्हा दोघं निघाली.

पहिला मुक्काम फिलिप बेटावर, पेंग्विनांसाठी. संध्याकाळी समुद्रासमोरच्या पायऱ्यांवर चार-पाचशे माणसं गोधड्या पांघरून बसली होती. नेव्हिलने त्या दिवसापुरत्या गप्पा साडेसातला हलवल्या होत्या. देखावा समोर असला की बोलणं आपसूक निघतं, हा त्याचा अंदाज. साडेसातला भोंग्यावरून सांगण्यात आलं की पक्षी बुजतात, तेव्हा कृपया कोणीही बोलू नये.

पेंग्विन आले. फूटभर उंचीचे, कचेरी सुटल्यासारखे, घोळक्याने. घोळका पुरेसा मोठा झाल्याशिवाय ते वाळू ओलांडत नाहीत. एक मागे राहिला होता. तो चार पावलं पुढे येई, आजूबाजूला कोणी नाही हे बघे आणि पळत पाण्यात परत जाई. असं पाच-सहा वेळा झालं. ग्लेनिस शेजारच्या अनोळखी बाईच्या कानात काहीतरी कुजबुजली. त्या बाईने तिचा हात दाबला. काय कुजबुजली ते नेव्हिलला ऐकू आलं नाही, आणि विचारायला मनाई होती.

परत वाहनतळावर आले तर पाटी होती : गाडी सुरू करण्यापूर्वी खाली पेंग्विन नाही ना, बघा. शंभर-दीडशे गाड्या उभ्या होत्या. नेव्हिल गुडघ्यांवर बसला, वाकला आणि त्याला दोन डोळे दिसले.

"आहे," तो म्हणाला.

"खरंच?" ग्लेनिसने वाकून बघितलं. "अगंबाई! हा तोच असेल का रे?"

हे सबंध वाक्य होतं, कचऱ्याविषयी नव्हतं आणि थेट नेव्हिलला उद्देशून होतं. उत्तर द्यायची ही संधी होती. नेव्हिलने नीट विचार केला आणि म्हणाला, "सांगता येत नाही. सगळे सारखेच दिसतात."

"हं," ग्लेनिस म्हणाली.

पेंग्विनाला हात लावायला फक्त वनरक्षकाला परवानगी. वनरक्षक बाई तासाभराने आली. तोवर ग्लेनिस पुढच्या गाडीतल्या जोडप्याशी बोलत होती, आणि नेव्हिल गुडघ्यांवर बसून पेंग्विनाकडे बघत होता. पेंग्विनही त्याच्याकडे बघत होता. दोघांनाही काही सुचत नव्हतं.

तिथून ते किनाऱ्याकिनाऱ्याने पूर्वेला, मग उत्तरेला निघाले. आठव्या दिवशी पांबुलाजवळच्या एका कॅरव्हान तळावर पोचले. त्यांना एकोणीस नंबरची जागा मिळाली होती. जागेवर सात कांगारू आडवे पडले होते. एक तर उशाला हात घेऊन, पाहुण्याने दिवाणावर पडावं तसा पडला होता.

"यांना उठवा की," नेव्हिल तळाच्या मालकीणबाईंना म्हणाला.

"ते कायमचे राहतात. तुमचं दोनच दिवसांचं बुकिंग आहे," त्या म्हणाल्या. "त्यांच्या कडेने घ्या."

कॅरव्हान तळावर संध्याकाळी पाचचा एक रिवाज असतो. सगळे आपापल्या दारात घडीच्या खुर्च्या टाकतात, हातात थंड बिअर घेतात आणि नव्याने आलेला माणूस कॅरव्हान मागे कशी घेतो ते बघतात. याला तिकीट नसतं. पहिल्या दोन तळांवर एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने सरळ निघता येईल अशी आरपार जागा मिळाल्यामुळे नेव्हिल सुटला होता. इथे मात्र भरलं घर होतं.

"डावीकडे कापा!" पहिल्या खुर्चीतून कोणी ओरडलं.

"नको नको, आधी सरळ करा!" दुसरी खुर्ची.

"अहो, चाकामागे कांगारू आहे!"

"तो हलत नाही. परवा माझ्या बायकोच्या पायावर झोपला होता."

"तुझ्या बायकोजवळ आणखी कोण झोपणार?" त्याची बायकोच म्हणाली आणि सगळा तळ हसला.

नेव्हिलने काचा वर केल्या. आरशात फक्त कॅरव्हानची पिवळट भिंत होती. मग सीटवरची वॉकीटॉकी खरखरली आणि तिच्यातून ग्लेनिसचा आवाज आला.

"नेव्हिल, त्यांचं ऐकू नकोस. माझं ऐक. थोडं डावं. हळू. अजून थोडं. छान."

आवाज अगदी कानाशी होता. घरात ती बोलायची तेव्हा नळ चालू असायचा, टीव्ही चालू असायचा, ती दुसऱ्या खोलीत असायची. इतक्या जवळून त्याने तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. 'छान' तर त्याने शेवटचं कोणत्या संदर्भात ऐकलं होतं ते त्याला आठवेना. त्या आठवण्याच्या नादात त्याने पाण्याचा नळ उडवला. कारंजं दहा फूट वर गेलं. सात कांगारू उठले, अंग झटकलं आणि वीस नंबरवर जाऊन पडले. तळाने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

नळ दुरुस्त झाला तेव्हा साडेपाच वाजले होते. नेव्हिलने ओल्या कपड्यांनिशीच दोन खुर्च्या मांडल्या. बसला. ग्लेनिसकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. निवृत्तीला सहकाऱ्यांनी दिलेल्या, नाव कोरलेल्या चिमट्याने त्याने शेगडीवरचं सॉसेज उलटायला घेतलं, तेवढ्यात झाडावरच्या कूकाबरा पक्ष्याने झेप घालून ते चिमट्यातूनच नेलं आणि फांदीवर बसून खदाखदा हसला. हा पक्षी सगळ्यांनाच हसतो, मनाला लावून घेऊ नये, असं म्हणतात. नेव्हिलने लावून घेतलं. सहा वाजले.

यानंतर मात्र एक झालं. तो मुक्कामाची वाट बघू लागला. समुद्र, खडक, डॉल्फिन हे सगळं रस्त्याने येई आणि जाई, ग्लेनिस खिडकीबाहेर बघे, तो रस्त्याकडे बघे. पण संध्याकाळी तळ आला की ती खाली उतरे, मागे जाई, दिसेनाशी होई आणि कानाशी बोलू लागे. "हळू. अजून. बास." दिवसातली ती सहा-सात मिनिटं. एकदा तर जागा सरळ मिळाली असतानाही त्याने मुद्दाम वाकडी घेतली आणि पुन्हा पुढे नेली.

बाराव्या दिवशी सिडनी. कॅरव्हानचा तळ शहराच्या उत्तरेला होता, म्हणजे बंदरावरचा मोठा पूल एकदा ओलांडायचा. नेव्हिल चुकीच्या रांगेत शिरला आणि पुलाने त्याला तीनदा ओलांडून घेतलं. ऑपेरा हाऊस आधी उजव्या हाताला दिसलं, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. मागे हॉर्नचं संगीत चालू होतं. तिसऱ्या वेळी ग्लेनिस हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "पुन्हा आलं बघ!" ती म्हणाली. "आता चौथ्यांदा आलं तर आपण त्याला घरी जेवायला बोलवू या!"

नेव्हिललाही हसायचं होतं. त्याच्याकडे एक चांगलं उत्तरही तयार होत होतं. पण उजवीकडून ट्रक आला, डावीकडे वळण आलं, आणि ते पार झालं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती.

संध्याकाळी तिने हा किस्सा तळावरच्या बायकांना सांगितला. नेव्हिल कॅरव्हानच्या आडोशाला पाण्याची नळी जोडत उभा होता. किस्सा तिने फार छान रंगवला. त्यात एक नेव्हिल होता. तो घाबरट होता, पण बरा होता. बायकोला हसताना बघून तोही हसत होता. त्या नेव्हिलला भेटायला आवडलं असतं, असं या नेव्हिलला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मॅनलीला जाणारी बोट होती. प्रवास बरोबर अर्ध्या तासाचा. नेव्हिलने हा योगायोग आधीच हेरून ठेवला होता. शिवाय या वेळी त्याने विषय एका चिठ्ठीवर लिहून आणले होते : एक, हवा, दोन, पेंग्विन, तीन, पर्थच्या बहिणीचा गुडघा. दोघं बाहेरच्या बाकावर बसली. समोर पाणी चकाकत होतं, मागे शहर लहान होत होतं.

"हवा छान आहे," नेव्हिल म्हणाला.

"हं," ग्लेनिस म्हणाली.

तो चिठ्ठीतला दुसरा विषय बघत होता तेव्हा सीगल पक्ष्याने त्याच्या मांडीवरच्या पुड्यातले बटाट्याचे काप उचलले. बाकीचे त्याच्या भावंडांनी नेले. चिठ्ठी वाऱ्याने नेली. ग्लेनिस ऊन लागतं म्हणून आत गेली, आणि काचेतून नेव्हिलला दिसलं की ती एका म्हाताऱ्या ग्रीक गृहस्थाशी बोलते आहे, हात हलवून, मान वेळावून. गृहस्थ फक्त मान डोलवत होते. त्यांना तिची भाषा येत नसावी. नेव्हिलला त्यांचा हेवा वाटला.

विसाव्या दिवशी, परतीच्या वाटेवर, ते नदीकाठच्या एका तळावर थांबले. कार्यक्रमात आता एकच 'गप्पा' उरली होती, आणि तक्रार जिथल्या तिथे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तेव्हा नेव्हिल बिछान्यातून घरंगळत ग्लेनिसच्या अंगावर गेला. ग्लेनिस भिंतीवर गेली. कॅरव्हान तिरकी झाली होती. वॉम्बॅटने चाकाखाली बीळ खणलं होतं. वॉम्बॅट म्हणजे पाय फुटलेलं सिमेंटचं पोतं. त्याला एकदा जागा आवडली की तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

"दुसरी जागा देते तुम्हाला. पण संध्याकाळशिवाय रिकामी होणार नाही," तळावरची बाई म्हणाली.

संध्याकाळी पाच वाजता खुर्च्या मांडल्या गेल्या. शेजारचा मर्व्ह नावाचा दाढीवाला पहिल्या रांगेत होता. त्याच्या मांडीवर त्याची स्वतःची वॉकीटॉकी होती. गेल्या बारा वर्षांत चॅनेल अठरावरचं एकही वाक्य चुकवलं नाही, असं तो अभिमानाने सांगे. नवी जागा दोन झाडांमध्ये होती. नेव्हिलने गाडी सुरू केली. ग्लेनिस मागे गेली, दिसेनाशी झाली.

"ये. डावं. हळू. अजून," वॉकीटॉकी म्हणाली. मग म्हणाली, "थांब."

नेव्हिल थांबला. झाड असेल.

"ग्लेनिस? घेऊ मागे?"

"नको. थांब जरा." खरखर झाली. "नेव्हिल, तुझ्या फाईलीत रोज 'साडेपाच ते सहा, गप्पा' असं लिहिलंय. मी पहिल्याच दिवशी वाचलं ते. वीस दिवस मी वाट बघतेय. तू खुर्ची मांडतोस. माझ्याकडे बघतोस. मग घड्याळाकडे बघतोस. मग सहा वाजतात."

नेव्हिलने आरशात पाहिलं. पिवळट भिंत. समोरच्या काचेतून खुर्च्या दिसत होत्या. कोणी हलत नव्हतं. मर्व्हने बिअर अर्ध्या वाटेत धरली होती. त्याच्या मांडीवरून ग्लेनिसचा आवाज अर्ध्या क्षणाने पुन्हा ऐकू येत होता, आणि पलीकडच्या कॅरव्हानमधूनही, आणि त्याच्या पलीकडच्याही.

"ग्लेनिस," तो घाईने म्हणाला, "हा अठरा नंबर आहे. सगळे ऐकतायत."

"माहीत आहे मला. घरात विचारलं असतं तर तू 'हं' म्हणून कप धुवायला गेला असतास. त्या दिवशी गेला होतास तसा. फोनवर मी बहिणीशी बोलले ते तू ऐकलंस, नेव्हिल. एकच कप पंधरा मिनिटं धूत होतास. मला वाटलं, आता बाहेर येईल आणि काहीतरी विचारेल. तर तू बाहेर आलास आणि म्हणालास, पेंग्विन बघू या."

पुन्हा खरखर झाली.

"मला एवढंच विचारायचंय," ती म्हणाली, "तुला पण वाटतं का रे? एकटं?"

अडतीस वर्षांत नेव्हिलने प्रश्न फक्त काढले होते. उत्तरं दुसऱ्यांनी लिहायची, हा नियम होता. त्याने बटण दाबलं. हे यंत्र असं की बटण दाबून धरलं की दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही. जे काही बोलायचं ते एकट्याने. त्याच्या तोंडून जे निघालं ते चाळीस वर्षांच्या सवयीने निघालं.

"हं," तो म्हणाला.

सगळ्या खुर्च्यांमधून एकदम उसासा उठला. मर्व्हने कपाळावर हात मारला. आणि वॉकीटॉकीतून एक अनोळखी, जाडा आवाज आला :

"अरे 'हं' काय 'हं', भल्या माणसा! बाईंनी सरळ प्रश्न विचारलाय. नीट सांग की!"

"आपण कोण?" नेव्हिलने विचारलं.

"आम्ही महामार्गावर आहोत. उत्तरेला चाललोय. बायकोने गाडी हळू करायला लावलीय तुझ्यासाठी. पुढे डोंगर आडवा येतोय, मग काही ऐकू येणार नाही. लवकर बोल बाबा!"

नेव्हिलच्या मनात आलं की हा सगळा प्रकार नियमबाह्य आहे. मग मनात आलं की ती मागे उभी आहे, हातात ते यंत्र धरून, दोन झाडांच्या मध्ये, आणि तिचा चेहरा कसा झाला असेल ते आपल्याला इथून दिसत नाही. आणि समोर बसली असती तरी आपण घड्याळाकडेच पाहिलं असतं. त्याने बटण दाबलं.

"वाटतं," तो म्हणाला. "बुधवारी जास्त."

त्याने बटण सोडलं. त्याने पुन्हा दाबलं.

"डबे रिकामे करून गाडी गेली ना, की मी रिकामे डबे आत आणतो. तेव्हा वाटतं, झालं, आता पुढल्या मंगळवारपर्यंत ही आपल्याला काही विचारणार नाही. एकदोनदा मी मुद्दाम चुकीचा सांगितला. हिरवा असताना पिवळा. म्हणजे तू म्हणशील की मागच्या वेळी पिवळा होता ना. तेवढंच." त्याचा अंगठा दुखायला लागला होता. "आणि तो पेंग्विन तोच होता, ग्लेनिस. गाडीखालचा. मी ओळखला होता. का नाही म्हणालो ते माहीत नाही."

त्याने बटण सोडलं. खरखर. वॉकीटॉकीतून कोणी नाक ओढल्याचा आवाज आला. तो ग्लेनिसचा की आणखी कुणाचा हे सांगणं कठीण, कारण समोर मर्व्हही रुमाल शोधत होता.

"ग्लेनिस?" नेव्हिल म्हणाला. "आहेस ना? कुठे आहेस?"

"मागेच आहे रे," ती म्हणाली. "तुला आरशात दिसत नाही, एवढंच."

नेव्हिलने पुन्हा बटण दाबलं.

"मग घेऊ मागे?"

"घे. हळू. मी सांगते."

नेव्हिलने गिअर टाकला. खुर्च्यांमधून कोणीही डावं-उजवं ओरडलं नाही. कॅरव्हान इंचाइंचाने मागे सरकू लागली. तेवढ्यात अठरा नंबरवर पुन्हा खरखर झाली, आता खूप लांबून, डोंगराच्या पलीकडून.

"...तुटलं मध्येच... काय म्हणाला तो? हो म्हणाला की नाही? ही रडतेय इथे..."

मर्व्हने मांडीवरची वॉकीटॉकी तोंडाशी धरली.

"हो म्हणाला," त्याने सांगितलं. "आता जरा चॅनेल मोकळा ठेवा. तो मागे घेतोय."